हलत्या चित्रांतले संशोधन

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. माया अ‍ॅडम यांनी कोरोनावरची एक छोटी ॲनिमेशन फिल्म समाजमाध्यमांवर आणली. तीत संवाद नव्हते. विषाणू कसा पसरतो, हात का धुवायचे, अंतर का राखायचे, हे नुसत्या चित्रांतून कळे. भाषांतराची वाट पाहावी लागली नाही. दहा दिवसांत ती दहा लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली.

आपल्याकडे, गडचिरोलीतल्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरचे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजीत छापून आले. असे काम सामान्य घरातल्या फोनवर क्वचितच पोहोचते. तिथे फिरतात ते खात्री नसलेले उपाय. हे आम्हाला अस्वस्थ करते, म्हणून संशोधन ॲनिमेशनमधून सांगण्यावरचा हा अंक.

तंत्राच्या कौतुकापेक्षा आम्ही दोन प्रश्नांवर भर दिला आहे. अशा फिल्मची संहिता कोण तपासतो? आणि पुरावा अर्धवट असेल, तेव्हा चित्राने किती ठामपणे बोलावे? कारण रंगीत चित्र शंका दाखवत नाही. शिवाय पाहिले म्हणजे सवय बदलली, असेही नाही.

तुमच्या घरात एखाद्या आरोग्यविषयक व्हिडिओमुळे काही बदलले असेल, किंवा कोणाची दिशाभूल झाली असेल, तर आम्हाला जरूर लिहा.