‘उचलून नेऊ ना!’

मुंबईकर मदतीला धावतो, यात वाद नाही. स्टेशनच्या जिन्यापाशी व्हीलचेअर अडली की चार अनोळखी माणसं पुढे येतात, ‘अरे, उचलून नेऊ ना!’ म्हणतात आणि खरंच नेतात. आपल्याला त्याचं कौतुकही वाटतं. पण जिला उचललं जातं, तिला काय वाटतं?

ऑक्टोबर २०२३ मधली खारची गोष्ट अनेकांना आठवत असेल. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी विराली मोदी स्वतः व्हीलचेअर वापरते. ती लग्नासाठी विवाह नोंदणी कार्यालयात गेली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सह्या घ्यायला खाली या, अशी विनंती करूनही अधिकारी उतरले नाहीत. शेवटी नवरीला उचलून दोन मजले वर न्यावं लागलं. कुणाचा पाय घसरला असता तर, हा तिचा साधा प्रश्न सोशल मीडियावर व्हायरल झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली.

याच विरालीने २०१७ मध्ये रेल्वेतल्या गैरसोयींविरुद्ध मोहीम चालवली होती. रॅम्प नाही म्हणून हमालांनी उचलून गाडीत चढवलं आणि त्यात नको ते स्पर्श सहन करावे लागले, हा तिचा अनुभव. उचलून घेणं म्हणजे आपलं शरीर दर वेळी परक्यांच्या हाती सोपवणं. प्रत्येक मुलीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बरं, कायदा नाही असंही नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारतींमध्ये सोयी करायला, नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. खारचा प्रकार त्यानंतरचा! पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. ही याचिका २००५ ची. आपल्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नव्हते.

उपनगरांत बदल झालाच नाही, असं म्हणणं मात्र अन्याय होईल. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो असो की दहिसर-अंधेरी, लिफ्ट आहे, गाडी प्लॅटफॉर्मच्या पातळीला येते. अडचण सुरू होते लिफ्टमधून खाली रस्त्यावर आल्यावर. फुटपाथवर बाइक चढू नयेत म्हणून पालिकेने खांब रोवले. हेतू चांगलाच. पण दोन खांबांमधून व्हीलचेअरही जाईना! शिवाजी पार्क भागातल्या एका तरुणाच्या ई-मेलवरून मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये स्वतःहून याची दखल घेतली. करोडोंची मेट्रो आणि अडलंय कुठे, तर दोन खांबांत.

लोकलचं घ्या. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक कॉलेजची मुलगी प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या मधल्या पोकळीत पडली, दोन्ही हात गमावून बसली. कोर्टाने रेल्वेचे कान उपटले, मग प्लॅटफॉर्मची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. आज त्या उंच प्लॅटफॉर्मवरून आपण सगळेच सहज चढतो. आजी, गरोदर बाई, सॅक घेतलेले आपण. आणि हो, पीक अवरला अपंगांच्या डब्यात घुसणारे धडधाकट लोकही.

आता कॉलेजकडे वळू. उच्च शिक्षणात अपंग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. अ‍ॅडमिशन मिळते. पण लेक्चर तिसऱ्या मजल्यावर, लॅब चौथ्यावर, लिफ्ट ‘फक्त स्टाफसाठी’, कँटीनला तीन पायऱ्या. मग तो मुलगा येईनासा होतो आणि आपण म्हणतो, ‘आमच्या वर्गात तसं कुणी नाहीच.’

यात प्रिन्सिपलच्या सहीची गरज नसलेल्याही गोष्टी आहेत. फेस्टचा सीझन येतोय. स्पॉन्सर कोण, सेलिब्रिटी कोण, यावर रात्र-रात्र मीटिंगा होतील. रजिस्ट्रेशनच्या गुगल फॉर्ममध्ये एक ओळ घाला: ‘येण्यासाठी काही सोय हवी आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर इव्हेंट तळमजल्यावर हलवा. व्हेन्यू बुक व्हायच्या आधी, बरं का. नंतर मग चार व्हॉलंटिअर धावत येतील आणि म्हणतील, ‘उचलून नेऊ ना!’