अबोल लेकराला विहारात जागा द्या



एप्रिल महिना लागला की आपल्या वस्त्यांत जयंतीची लगबग सुरू होते. विहाराला रंग लागतो, वर्गणीच्या पावत्या फाटतात, निळे झेंडे शिवले जातात. याच महिन्याच्या २ तारखेला जगभर ऑटिझम जागृती दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस पाळण्यात येऊ लागला. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. जयंतीच्या मिरवणुकीत जे लेकरू कानावर हात दाबून किंचाळते आणि ज्याला सांभाळायला त्याची आई दरवर्षी घरीच राहते, त्या लेकराविषयी आज आम्हाला बोलायचे आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही वस्तीत जा. लेकरू तीन वर्षांचे होऊनही बोलत नसेल तर शेजारपाजारचे सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो, ‘याले बाहेरचं लागलं.’ दुसरी म्हणते, ‘मायनंच लाडावून ठेवलं.’ तिसरा धीर देतो, ‘याचा मामाई उशिराच बोलला होता, बोलन हळूहळू.’ हे ऐकता ऐकता लेकराची मोलाची वर्षे निघून जातात. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू झपाट्याने शिकत असतो. त्याच काळात आपण वाट पाहत बसतो.

ऑटिझम म्हणजे वेड नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागणारा आजारही नव्हे. अशा लेकराच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते. त्यामुळे लोकांशी बोलणे, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे, त्यांच्यात मिसळणे त्याला जड जाते. जगभरातील अंदाज पाहिले तर शंभर-सव्वाशे माणसांमागे एक असे त्याचे प्रमाण येते. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या गावात अशी कितीतरी माणसे असणार. हाताची पाचही बोटे सारखी नसतात, तशी ही मुलेही एकसारखी नसतात. एखाद्याला जन्मभर आधार लागतो, तर एखादा शाळेत पहिल्या पाचांत येतो, पण मधल्या सुट्टीत एकटाच भिंतीशी उभा राहतो. सगळ्यांना सरसकट ‘मतिमंद’ म्हणणे चूक आहे. काही मुलांत बौद्धिक अक्षमताही असते, पण अनेकांत ती नसते.

आई-बापांनी काय पाहावे? वर्षाचे लेकरू नाव घेऊन हाक मारली तर वळून पाहते. दीड वर्षाचे झाले की चांदोमामा, कावळा, बैल बोटाने दाखवते, आणि आपण पाहिले की नाही म्हणून आपल्या तोंडाकडेही पाहते. दोन वर्षांचे लेकरू ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडते. हे होत नसेल, किंवा आलेले शब्दच नाहीसे होत असतील, तर थांबू नये.

काही लेकरे डोळ्याला डोळा देत नाहीत. हवी ती वस्तू मागत नाहीत, आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवतात. ‘पाणी पाहिजे का?’ असे विचारले तर तेच वाक्य परत म्हणतात, आणि पाणी हवे असले तरी त्यांच्या तोंडी ‘पाणी पाहिजे का?’ हेच असते. तासन्‌तास सायकलचे चाक फिरवतात, बाटल्यांची झाकणे ओळीने मांडतात, हात फडफडवतात, चवड्यांवर चालतात. रोजचा रस्ता बदलला किंवा ताट बदलले तरी आकांत करतात. कुकरची शिटी, मिक्सर, डीजे यांचा आवाज त्यांना सुईसारखा टोचतो. एखाद्याला नवा सदरा अंगाला लागलेला सोसत नाही, एखादा वरण-भाताशिवाय कशालाच तोंड लावत नाही. उलट काहींना खरचटले तरी दुखल्याचे कळत नाही. अशा वेळी लेकरू हट्ट करते असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ते त्याला सहन होत नसते.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे ऑटिझमच, असे नाही. न बोलणाऱ्या लेकराची आधी कानाची तपासणी करावी, कारण ऐकू येत नसेल तरीही बोलणे येत नाही. मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. ‘पोरगी शांत आहे, गुणाची आहे’ असे म्हणून तिची अडचण झाकली जाते. आणखी एक इशारा. या मुलांपैकी अनेकांना धोका कळत नाही आणि ती न सांगता निघून जातात. वावरात कापूस वेचायला जाताना लेकरू सोबत असेल तर उघड्या विहिरीचे भान ठेवावे.

आता दोषाविषयी. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून ऑटिझमची वेगळी ओळख झाली. पण त्यानंतर बरीच वर्षे मोठमोठे डॉक्टरही म्हणत राहिले की आईने माया केली नाही म्हणून लेकरू असे झाले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. आज विज्ञान सांगते की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असा १९९८ मध्ये एक लेख आला होता. तो खोटा ठरला आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. तेव्हा लेकरांच्या लसी चुकवू नका, आणि सुनेला बोल लावू नका.

बाहेरचे लागले म्हणून भगताकडे जाणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडा-दोरा कशाला? भूत उतरवण्याच्या नावाखाली लेकराला मारझोड करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. आणि भगत फक्त गावातच असतो असेही नाही. स्टेम सेलच्या उपचाराने ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये घेणारेही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच हा उपचार ऑटिझमसाठी शिफारस करण्याजोगा नाही असे स्पष्ट केले. त्यासाठी वावर विकू नका, कर्ज काढू नका.

मग करावे काय? पहिली पायरी घराजवळच आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येते. विकासातला उशीर ओळखणे हे त्यांचे कामच आहे. सेविकाताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी लेकराजवळ थांबा, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते आईला ठाऊक असते. पुढच्या तपासणीसाठी यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार विभागात दाखवावे.

ऑटिझम समूळ घालवणारे औषध नाही, पण शिकवण्याने पुष्कळ फरक पडतो. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी मिळाली तर उत्तमच. ती शहरात आहे म्हणून घरचे काम अडत नाही. लेकराच्या पुढ्यात, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर बसा. लांब वाक्ये बोलू नका. ‘पोळी’, ‘पोळी घे’ एवढेच बोला आणि त्याला उत्तराला वेळ द्या. त्याला चाकाची आवड असेल तर चाकावरूनच ‘फिरव’, ‘थांब’, ‘एक, दोन’ शिकवा. आंघोळ, जेवण, शाळा, झोप यांची चित्रे ओळीने भिंतीला लावा, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला कळते आणि आकांत कमी होतो. मोबाईल हातात देऊन गप्प बसवू नका, ते वेळ बोलण्याला द्या. मारू तर नकाच. आणि हे सगळे एकट्या आईच्या गळ्यात टाकू नका. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश अशा घरात आधी बापाला लागू होतो.

हक्काचेही थोडे सांगतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. सरकारी मंडळाकडून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘तुमचा पोरगा इथे चालणार नाही’ असे कोणी म्हटले तर नकार लेखी मागा. आपल्या बापजाद्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले होते. आपल्या लेकराला पुन्हा बाहेर बसू देऊ नका. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचीही चौकशी करावी. जातीचा दाखला वेगळा, हे प्रमाणपत्र वेगळे. एक आहे म्हणून दुसरे नको, असे समजू नये.

मुंबईत नौदलातील एका कर्मचाऱ्याच्या घरी वाढलेली जिया राय हिला ऑटिझम आहे. २०२४ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी ती इंग्लिश खाडी पोहून गेली. प्रत्येक लेकराने खाडी पोहावी असे मुळीच नाही. हाताने जेवणे, शेजारच्या दुकानातून मीठ आणणे, ‘दुखते’ असे सांगता येणे, हेही त्या घरासाठी तेवढेच मोठे आहे.

शेवटी धम्मातली एक गोष्ट. चुल्लपंथक नावाचा एक भिक्खू होता. चार महिने झटूनही त्याला एक गाथा पाठ होईना. पुढची ओळ आली की मागची जाई. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खूच होता. तो म्हणाला, तू इथून निघून जा. जीवकाने भिक्खूसंघाला भोजनाला बोलावले तेव्हा महापंथकाने धाकट्याला वगळूनच आकडा सांगितला. दाराशी रडत उभ्या असलेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी हाताला धरून आत नेले. गाथा बाजूला ठेवली आणि एक पांढरेशुभ्र फडके हातात दिले. ते चोळत राहा आणि ‘रजोहरणं’ म्हणत राहा, असे सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि जे गाथेने कळले नव्हते ते त्याला फडक्याने कळले. तिकडे जीवकाच्या घरी पंगत बसली. तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कोणी भिक्खू राहिला तर नाही ना?

चुल्लपंथकाला ऑटिझम होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला एका रीतीने येत नाही त्याला दुसऱ्या रीतीने शिकवावे, आणि एकाला मागे ठेवून पंगत सुरू करू नये, हे तथागतांनी करून दाखवले आहे. यंदा १४ एप्रिलला आपल्या समितीला हे सहज करता येईल. मिरवणूक अशा घरासमोरून जाताना डीजे बंद ठेवा. सायंकाळच्या वंदनेला माईकचा आवाज कमी करा. विहाराच्या दाराजवळ, जिथून लगेच बाहेर पडता येईल, अशी एक सतरंजी त्या मायलेकरांसाठी अंथरा. लेकरू मधेच ओरडले तर माना वळवून पाहू नका. आणि भोजनदानाच्या पंगतीत पहिला घास घेण्यापूर्वी एकदा विचारा, वस्तीत कोणी मागे राहिले तर नाही ना?

जयभीम! नमो बुद्धाय!