दुधाची रिकामी पिशवी

महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसंबंधी एक शहाणपणाची तरतूद होती. पिशवीवर परतीची किंमत छापावी, ती पन्नास पैशांहून कमी नसावी आणि रिकामी पिशवी परत करणाऱ्यास ती मिळावी. पुढच्याच वर्षी तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की, राज्यात दररोज सुमारे एक कोटी पिशव्या रस्त्यावर फेकल्या जातात. रोग अचूक ओळखला गेला, औषधही लिहून दिले गेले. रोग्याच्या पोटात मात्र ते गेले नाही. पनवेलच्या एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातावर ते पन्नास पैसे ठेवल्याचे निदान आमच्या पाहण्यात नाही. (ज्या नाण्याला भाजीवालाही हात लावीत नाही, त्याच्या मोहाने पिशव्या परत येतील, ही अपेक्षाही जरा भाबडीच होती.)

मुंबई सोडून खारघर-कामोठ्यास राहावयास आलेल्या वडीलधाऱ्यांना आरेच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर द्यावयाची आणि भरलेली घेऊन यावयाची, हा पहाटेचा परिपाठ होता. त्यास ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हे भारदस्त नाव तेव्हा कोणी दिले नव्हते. आजही पहाटे येणारी दुधाची गाडी रिकामे क्रेट मोजून परत नेतेच. क्रेट दूधसंस्थेच्या मालकीचा, म्हणून तो हरवत नाही. पिशवी दूध ओतल्याक्षणी बेवारशी होते.

आणि बेवारशी पिशवी एकटी जात नाही. शिळा भात, भाजीची देठे, लग्नाच्या पंगतीत पानांवर टाकलेली पक्वान्ने यांच्याबरोबर ती एकाच डब्यात पडते आणि दोहोंचा नाश होतो. खरकट्याने माखलेले प्लॅस्टिक भंगारवाला घेत नाही. प्लॅस्टिक मिसळलेले खत शेतकरी घेत नाही. मग दोन्ही मिळून तळोज्याच्या क्षेपणभूमीची वाट धरतात. तेथे ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो. तोच वायू बंद टाकीत धरला तर चूल पेटते, हे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ प्रकल्पातून कधीच दाखवून दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. तेव्हा केवळ मंगल कार्यालयांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही.

पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने, कोणत्या संकुलांनी ते केले आणि कोणी केले नाही, याची नावनिशीवार यादी प्रसिद्ध करावी. घरी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एक होत असेल, तर नागरिकांस उपदेश करण्याचा अधिकार तिला उरत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. शासनाने परतीची किंमत वाढवावी आणि पिशव्या परत घेणे दूधसंस्थांवर खरोखर बंधनकारक करावे. जी गाडी रोज रिकामे क्रेट नेते, तिच्यात रिकाम्या पिशव्यांच्या दोन पोत्यांना जागा नाही, असे कोणत्याही दूधसंस्थेने आम्हांस सांगू नये.