विश्वासाला सात-बारा नसतो

जमीन, घर, दागदागिने यांच्या वारशासाठी आपल्याकडे कायदा आहे, नोंदवही आहे, तलाठी आहे. वडील निवर्तले की वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि मुलांची नावे सात-बारावर चढतात. धर्मश्रद्धेच्या वारशाला मात्र अशी सोय नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लागले, पुढे दृढीकरण झाले, म्हणजे विश्वास मुलाच्या स्वाधीन झाला, असे आम्हा ख्रिस्ती आईबापांपैकी पुष्कळांना वाटते. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जातात, रविवारची उपासना सुटते, आणि मग पाळकांना, शब्बाथशाळेला, अखेरीस काळाला दोष दिला जातो. घराची झडती सहसा कोणी घेत नाही.

या संदर्भात टिळकांच्या घराकडे पाहावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, राहुरीस. मधल्या काळात प्रथम दुरावा आणि नंतर सहवास होता. पण पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे-ओवळे सांभाळले. टिळकांनी सक्ती केली नाही. त्यांनी वाट पाहिली. पुढे याच घरात बालकवी ठोमरे पोटच्या मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. त्यांचे पान धर्म विचारून मांडलेले नव्हते. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचा आधार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ज्यावर घर चालते ते वेतन वडील श्रद्धेपायी सोडतात, हे पाहणाऱ्या मुलाला त्यागावरील प्रवचन निराळे ऐकवावे लागत नाही.

त्याचे फळ काय? टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पत्नीने पुढे नेले आणि अखेरीस पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटही आईच्या निधनानंतर देवदत्तांनीच पुरा केला. नातू अशोक टिळक यांनी त्या ग्रंथाचे साक्षेपी संपादन केले. तीन पिढ्यांचा हा वारसा कोणत्याही दप्तरात नोंदवून चाललेला नाही.

यावर कोणी म्हणेल, टिळकांसारखी माणसे विरळा. सामान्य संसारी माणसाने हा आदर्श कोठून आणावा? आक्षेप वाजवी आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्याचे उत्तर तेथेच सापडते. त्या ग्रंथातील टिळक निर्दोष नाहीत. त्यांचा संताप, लहर, विसराळूपणा, व्यवहारातील भोळेपणा हे सारे लक्ष्मीबाईंनी हसतखेळत, न झाकता लिहिले, आणि मुलाने ते जगापुढे येऊ दिले. तेव्हा उदाहरण घालून देणे म्हणजे दोषरहित असणे नव्हे. घरातल्या आणि बाहेरच्या चेहऱ्यांत अंतर न ठेवणे, आणि अंतर पडलेच तर ते कबूल करणे, होय.

हे मी उंचावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी वारूळवाडीत घरासाठी लहानसा भूखंड घेतला. खरेदीखतात सरकारी दराइतकीच किंमत दाखवावी, उरलेली रक्कम रोख द्यावी, असे ठरले. सगळेच असे करतात, हे समर्थन हाताशी होते. दस्ताची प्रत चाळताना नववीतल्या मुलाने विचारले, “पप्पा, तुम्ही तर आकडा वेगळा सांगितला होता ना?” मी त्याला गप्प केले आणि दुसऱ्या दिवशी सही केली. वर्गात काळ्या पैशाची कारणे फळ्यावर लिहून देणारा मी! त्या रात्री कौटुंबिक उपासनेत पवित्र शास्त्र वाचण्याची पाळी त्याची होती. त्याने वाचले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी मी त्याला सांगितले की, ते चूक होते आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. तो काही बोलला नाही. मात्र त्यानंतर तो मला पुन्हा प्रश्न विचारू लागला. ही माझ्या लेखी लहान कमाई नव्हे.

अर्थशास्त्रात चलनामागे तारण लागते. तारण नसता नोटा छापल्या की त्यांचे मोल घसरते. प्रार्थना, उपदेश, वचने पाठ करून घेणे हे सारे आवश्यकच आहे. परंतु त्यामागे घरातल्या वर्तनाचे तारण नसेल तर मुले ते चलन फार काळ स्वीकारीत नाहीत. मोलकरणीचा पगार किती वेळेवर दिला जातो, परजातीच्या पाहुण्याला कोणत्या पेल्यातून पाणी मिळते, रागाच्या भरात आईला काय बोलले जाते, यावरून त्यांचा हिशेब चाललेला असतो.

अर्थात याची हमी नाही. उत्तम आईबापांची मुलेही निराळ्या वाटेने जातात; श्रद्धा स्वीकारायची की नाही, हा अखेर त्यांचा अधिकार आहे, आणि टिळकांनी तो घरातल्या माणसांनाही दिला होता. आपल्या हाती एवढेच की, मुलांनी नाकारलेच तर ते श्रद्धेला नाकारावे, आपल्या ढोंगाला नव्हे.