‘यू-२’: उंचीचे कवच आणि त्याची किंमत

वेग, चपळता आणि शस्त्रे ही लष्करी विमानाची बलस्थाने मानली जातात. ऑगस्ट १९५५ मध्ये प्रथम झेपावलेल्या अमेरिकेच्या ‘लॉकहीड यू-२’ या टेहळणी विमानाकडे यांपैकी काहीच नव्हते. अभिकल्पक क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन यांनी सारी भिस्त उंचीवर ठेवली. सत्तर हजार फुटांवर शत्रूची विमाने वा क्षेपणास्त्रे पोहोचणार नाहीत, असे त्यामागचे गणित होते.

या एका उद्दिष्टापायी अन्य सोयींवर पाणी सोडण्यात आले. एकच जेट इंजिन, ग्लायडरसारखे लांब, अरुंद पंख आणि वजन वाचवण्यासाठी सायकलप्रमाणे एकामागे एक बसवलेली चाके अशी त्याची रचना आहे. पंखांना आधार देणारी चाके उड्डाण होताच गळून पडतात. विमान उतरताना मागून मोटार धावते आणि तिच्यातील दुसरा वैमानिक जमिनीपासूनचे अंतर रेडिओवरून सांगत राहतो. अतिउंचीवरील विरळ हवेत वेग किंचित घटला तर पंखांची उचल संपते आणि किंचित वाढला तर विमानावरील ताबा सुटू शकतो.

हे गणित पाच वर्षांतच चुकले. १ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले ‘यू-२’ सोव्हिएत क्षेपणास्त्राने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले. हे हवामान संशोधनाचे विमान असल्याचा अमेरिकेचा दावा वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडल्याने उघडा पडला आणि पॅरिसची शिखर परिषद उधळली गेली. त्यानंतर अमेरिकेने सोव्हिएत भूमीवरील ही उड्डाणे थांबवली.

तरीही विमान निकामी ठरले नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पुरावा याच विमानाच्या छायाचित्रांनी दिला. त्याच महिन्यात मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे ‘यू-२’ क्युबावर पाडले गेले आणि ते मृत्युमुखी पडले. चीन युद्धानंतर भारतानेही या विमानांना सहकार्य केले. ओडिशातील चारबातिया तळावरून १९६४ मध्ये त्यांनी उड्डाणे केल्याचे ‘सीआयए’च्या २०१३ मध्ये खुल्या झालेल्या इतिहासातून स्पष्ट झाले.

ध्वनीच्या तिप्पट वेगाचे ‘एसआर-७१’ नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. मंदगती ‘यू-२’ मात्र नवी इंजिने आणि नवे संवेदक स्वीकारत टिकले. उपग्रह ठरलेल्या कक्षेतच फिरतो, विमान हवे तेव्हा हवे तेथे पाठवता येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवर आलेल्या चिनी फुग्याची छायाचित्रेही ‘यू-२’च्याच वैमानिकाने टिपली.

मात्र पॉवर्स यांच्या विमानाने शिकवलेला धडा विसरता येणार नाही. कोणतेही तांत्रिक कवच कायमचे अभेद्य नसते आणि ते अभेद्य आहे असे गृहीत धरून आखलेले राजकारण विमानाआधीच कोसळू शकते. मानवरहित विमानांवर विसंबू पाहणाऱ्या सर्वच देशांना हे ध्यानात ठेवावे लागेल.