रणगाड्याचा मृत्युलेख

आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा मला मोठ्या पेचात टाकले. चकलीच्या भाजणीचा वास जिन्यापर्यंत दरवळत होता आणि मी वर्तमानपत्राआड बसून त्याचा फुकट आस्वाद घेत होतो. तोच वहिनी हातात मोबाईल घेऊन आल्या. "भावजी, हे बघा जरा." पडद्यावर युक्रेनमधले एक शेत होते. शेतातून एक रणगाडा चालला होता. वरून चिमणीएवढा ठिपका आला, धूर झाला आणि पाहता पाहता रणगाड्याचा तो अवजड बुरूज डब्याचे झाकण उडावे तसा वर उडाला. वहिनींनी फोन पालथा ठेवला. "हे असे होते, तर मग यात माणसे बसवतात कशाला?"

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी सैन्यात अधिकारी झाला आणि चिलखती दलात गेला. शाळकरी वयात त्याला पॅटन रणगाड्यांच्या गोष्टी सांगणारा काका मीच. तेव्हा उत्तर देणे मला भागच होते. मराठीच्या मास्तराला युद्धशास्त्रातले काय कळणार, असे म्हणून सुटता आले असते. पण वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहून तसे म्हणवेना. म्हणून मिळेल ते वाचले.

खोड जात नाही, त्यामुळे आधी शब्दाकडे गेलो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र बनवले, तेव्हा गुप्तता राखण्यासाठी कारखान्यात ते पाण्याची टाकी असल्याचे भासवले. तेच 'टँक' हे नाव पुढे चिकटले. गंमत अशी की, पाणी साठवण्याचा हा इंग्रजी शब्दच गुजराती-मराठीतल्या 'टाके' या शब्दावरून गेला असावा, असा कोशकारांचा तर्क आहे. म्हणजे गडावरचे आपले खडकात खोदलेले टाके सातासमुद्रापार गेले, अंगावर चिलखत चढवून परत आले, आणि आपण त्याला न ओळखता रणगाडा म्हणून हाक मारली!

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर हे धूड प्रथम लढाईत उतरले. त्यांतली बरीचशी यंत्रे वाटेतच बिघडली. पण तेव्हापासून गेली शंभर-सव्वाशे वर्षे मी म्हणतो तो मृत्युलेख पुनःपुन्हा लिहिला जात आहे.

१९६५चे खेमकरण घ्या. पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन त्या काळी अजिंक्य समजले जात. असल उत्तर गावाजवळ आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडले, उभ्या उसात तोफा दडवल्या, आणि ते पॅटन चिखलात रुतून बसले. जीपवरच्या साध्या तोफेने अब्दुल हमीद यांनी एकामागून एक रणगाडे टिपले आणि त्यातच ते कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जीपपुढे रणगाडा हरला म्हणावे, तर त्याच लढाईत आपले सेंच्युरियन पॅटनपेक्षा जुन्या बनावटीचे असूनही त्यांना भारी पडले. आणि त्याच महिन्यात सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी होऊनही रणगाड्यातून उतरले नाहीत. १६ सप्टेंबरला ते तिथेच पडले. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या पुण्यातले.

पुढे १९७३. सुवेझ कालव्यापलीकडे इजिप्तच्या पायदळाने सूटकेसमध्ये मावणारी क्षेपणास्त्रे आणली आणि पहिल्या तीन दिवसांत इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली. 'रणगाडा संपला' असे जगभर छापून आले. पण मधली गोम वेगळीच होती. ते रणगाडे पायदळ आणि तोफखाना बरोबर न घेता एकटेच धावले होते. आठवड्याभरात इस्रायलने चूक दुरुस्त केली, आणि त्याच रणगाड्यांनी कालवा ओलांडला.

हे सारे मी वहिनींना सांगितले असते, तर त्या म्हणाल्या असत्या, "ते जुने झाले हो." आणि ते खरेच आहे. २०२२पासून युक्रेनमध्ये जे चालले आहे, ते निराळे आहे. रणगाड्याचे सर्वांत जाड चिलखत समोर असते. नगरच्या संग्रहालयात मी त्यावर तळहात ठेवला होता, भिंतच ती! (नगरचे आता अहिल्यानगर झाले, पण आमच्या जिभेला वळण लागायला वेळ लागतो.) छत मात्र पातळ. काही शे डॉलरांचा ड्रोन नेमका छतावर येतो आणि लक्षावधी डॉलरांचा रणगाडा जातो. त्यातून सोव्हिएत घडणीच्या रणगाड्यात बुरुजाखाली गोळ्यांचे कडेच असते आणि माणसे अक्षरशः त्या दारूगोळ्यावर बसलेली असतात. वहिनींनी पाहिलेले झाकण उडते ते त्यामुळे. आपले अजेय आणि भीष्म हे टी-७२ आणि टी-९० याच घराण्यातले. हे मात्र मी त्यांना सांगितले नाही.

अमेरिकेने दिलेले अब्राम्स रणगाडेही ड्रोनांच्या भयाने युक्रेनने आघाडीवरून मागे घेतल्याच्या बातम्या २०२४च्या एप्रिलात आल्या. तर मग मृत्युलेख या वेळी खरा का? मला तसे वाटत नाही. दोन्ही पक्षांनी रणगाड्यांवर लोखंडी पिंजरे चढवले, जाळ्या टांगल्या, झाडीत लपवले, लांबून तोफेसारखे वापरले. पण टाकून कोणी दिले नाहीत. उलट युक्रेन जगाकडे रणगाडे मागत राहिला. मेलेली वस्तू कोणी मागत नाही. २०२०च्या ऑगस्टअखेरीस लडाखमध्ये पँगाँगच्या दक्षिणेकडच्या उंच खिंडींवर आपले रणगाडे जाऊन उभे राहिले. तिथे एकही गोळा न डागता त्यांनी काम केले. ड्रोन मारू शकतो, पण असा ठाण मांडून बसू शकत नाही.

तरीही वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या रणगाड्यात चार-पाच माणसे असत. गोळा भरायला यंत्र आले आणि तिघे उरले. रशियाने २०१५ साली मॉस्कोच्या संचलनात आर्माटा दाखवला, त्यात तर बुरूज रिकामा आणि माणसे खाली चिलखती कप्प्यात. रणगाडा संपणार नाही; संपत चालली आहे ती त्यातली जागा. माणूस हळूहळू खाली उतरतो आहे, आणि एक दिवस तो बाहेर पडून लांबून गाडी हाकील.

संध्याकाळी वहिनींना एवढेच सांगितले. त्या चकल्या तळत होत्या. "म्हणजे किती वर्षांनी?" त्यांनी विचारले.

मी काही बोललो नाही. ओट्यावर स्टीलचा मोठा डबा होता. यंदा मुलाला दिवाळीची रजा नाही, डबा पाठवायचा होता. "त्याने फोनवर सांगितलेय," वहिनी म्हणाल्या, "गाडीत आम्ही तिघे असतो, तिघांचे पाठव." आणि त्या चकल्या मोजून भरू लागल्या.