घटातले अंकुर आणि माझा तांब्या

यंदा नवरात्रात घटाला पाणी घालण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. चौथ्या माळेला पाहतो, तर गव्हाच्या कोवळ्या अंकुरांनी माना टाकलेल्या! बुडखे पाणचट झालेले, मातीवर कापसासारखी जाळी. सौ.चा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का हो?"

चूक माझी होती. या रोगाला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. करणारा बहुधा पिथियम. दिसतो बुरशीसारखा, पण आताचे शास्त्रज्ञ त्याला खरी बुरशी मानीत नाहीत. बिहारमधल्या पुसा येथील बटलरसाहेबांनी १९०७ साली त्याच्यावर सविस्तर लिहिले. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळे गाठतात. मी दाणे पेरले दाट, कोपरा अंधारा नि कोंदट, वर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी! रोगाला आणखी काय हवे?

पाचव्या दिवशी शेजारी दुसरी परडी मांडली. मातीत थोडी वाळू मिसळली, भिजवलेले दाणे विरळ पेरले, परडी खिडकीशी ठेवली आणि पाणी नुसते शिंपडले. दसऱ्याला बोटभर हिरवे अंकुर कानावर खोवले.

आईने निकाल दिला, "देवी नव्हती रे कोपली, तुझा तांब्या कोपला होता!"